खवले, खरखरीत, खडबडीत : कुठे काय वापरायचं?

एका लेखाचं भाषांतर करतेय. साप, फणस, झाडाची साल, तिन्हींना ‘खवलेदार’ लिहिलं तर चालेल का?

— नाही चालणार, ताई. कौलांसारखा एकावर एक बसलेला आणि सुटा निघणारा तुकडा म्हणजे खवला. मासे घेताना आपण ‘खवले काढून द्या’ म्हणतो. शिंगाळ्याला तसं सांगावं लागत नाही, त्याला खवलेच नसतात. फणसाला काटे, सीताफळाला डोळे. सालीला खडबडीत म्हणा. ऐनाचं जुनं झाड पाहिलंय? भेगांनी चौकटी पडून साल थेट मगरीच्या पाठीसारखी दिसते.

— ‘सुटा निघणारा’ हे काही पटलं नाही. सापाचे खवले कुठे सुटे निघतात? कात तर अखंड उतरते.

— बरोबर, माझी व्याख्या मासळीबाजारातली झाली! ‘सुटा’ खोडतो.

पण मग खरखरीत वेगळा काढायला हवा. खडबडीत लांबूनही दिसतं, खरखरीत बोटालाच कळतं. पारिजातकाचं पान दिसायला अगदी साधं, हात फिरवा की मांजराची जीभ. खरवतीची पानं तर इतकी खरखरीत, की काचपेपर नसे तेव्हा लाकूड त्यांनीच घासत.

खवले आणि खरखरीत, दोन्ही शब्द एकाच अंगावर बघायचे तर फुरसं. नागालाही खवले असतात, पण गुळगुळीत. फुरशाच्या पाठीवरच्या खवल्यांवर मधोमध उभा कंगोरा, आणि कुशीवरच्या तिरप्या खवल्यांच्या कंगोऱ्यांना करवतीसारखे दाते. डिवचलं की ते वेटोळी एकमेकांवर घासतं, आणि करकर ऐकू येते ती या दात्यांची. तेव्हा सापाला ‘खवलेदार’ लिहून काहीच सांगितल्यासारखं होत नाही. खवले कसे आहेत ते लिहा.

— आणि खपली? आमच्याकडे खपली गहू म्हणतात.

— ती वरून धरलेली. जखमेवरची खपली आपण निघू देत नाही, खपली गव्हाची निघता निघत नाही. मळणी झाली तरी तूस दाण्याला चिकटूनच. कांद्याला मात्र पापुद्रा. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात त्याला शल्कपर्ण म्हणतील, पण ताई, लेख मुलांसाठी असेल तर पापुद्राच ठेवा.