पन्हाळा गाडीतून 'होतो' का?

मूळ पोस्ट: पन्हाळा गाडीनं दोन तासांत होतो. तळ्यांपाशी बघण्यासारखं काही नाही. पडझडीत सिमेंट भरलं की झालं.

सोमाळेकाठ: तळ्यांपाशी काही नाही? पाणी नसतं तर १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड तगलाच नसता. सोमाळे तळं, सादोबा तळं आणि अंबारखाना, म्हणजे धान्याची कोठारं, एकत्र बघा. त्यातल्या गंगा कोठीच्या बाहेरच्या जिन्यानं वर गेलात की छताला धान्य ओतायची भोकं दिसतील. पुढं 'तीन दरवाजा' हे प्रवेशद्वार, शेजारीच अंधारबाव ही विहीर: तळाला पाणी, मधल्या मजल्यावरनं तटाबाहेर वाट. मोबाईलच्या उजेडात ती कळत नाही, चांगली बॅटरी न्या. चालत पाच तास धरा.

उभा चढ: सत्तरीच्या माणसांनी पाच तास चालायचं? गडावर वस्ती हाय, नगरपरिषद हाय, रस्ता हाय. गाडी नको म्हणजे म्हातारी माणसंच नकोत की.

सोमाळेकाठ: त्यांच्यासाठी गाडी, मान्य. धडधाकट माणसानं काचेतून गड बघू नये, एवढंच.

चुना-वाळू: गाडीचं राहू दे, त्या सिमेंटवर कुणीच का बोलत नाही? भिंतीत मुरलेलं पावसाचं पाणी सांध्यातनं बाहेर पडायला पायजे. सिमेंटनं सांधा बंद केला की ते दगडातनं वाट काढतं. उन्हाळ्यात क्षार फुगतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. शेवटी सिमेंटची पट्टी पुढं आलेली आणि दगड बोटभर आत गेलेला!

उभा चढ: आणि चुना कोण करणार? आधी कित्येक दिवस पाण्यात विरवायचा, एकाला तीन वाळू, चुन्याच्या घाण्यात मळायचा, लावल्यावर ओली पोती. तसला गवंडी मिळतोय का? तवर भिंत बसली म्हणजे?

चुना-वाळू: तोवर लाकडी टेकू द्या! आणि काम दिवाळीनंतर काढा, भर पावसात चुना धुऊन जातो. भिंती पाडतोय तो पिंपळ. कोयत्यानं छाटला की दुप्पट फुटतो, उपटला की चार दगड घेऊन येतो. बुंधा कापून ताज्या कापावर लगेच झाड मारायचं औषध लावायचं, मूळ आतच वाळू द्यायचं, मग सांधा चुन्यानं भरायचा. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळा हाय. तिथं तरी घाईची डागडुजी नको.

उभा चढ: बरं, सिमेंटचं पटलं. गाडीचं न्हाई. आईवडलांना अंबारखान्यापर्यंत गाडीनंच न्यायचं.

सोमाळेकाठ: न्या. पण पावसाळ्यात अंधारबावेच्या पायऱ्या त्यांना उतरवू नका, शेवाळ्यावरनं पाय सटकतो.