केळीचा स्टार्च, सॅक्स आणि पुढचं करिअर: खान्देशातून वाट कशी काढायची?

तापीकाठ_शहादा
राम राम मंडळी. जळगावला एम.एस्सी. फिजिक्स, दुसरं वर्ष. प्रकल्पाला कच्च्या केळीचा स्टार्च घेतलाय. सॅक्समध्ये (नमुन्यातून अगदी लहान कोनांत विखुरलेले एक्स-रे मोजायची पद्धत) आलेखात ९ नॅनोमीटरचं शिखर दिसतं असं वाचलं होतं. बाहेरून मोजून आणलेल्या आमच्या कोरड्या पावडरीत ते नाहीच. नमुना वाया गेला का? दुसरं, याच विषयात पुढे जायचं तर परीक्षा कोणत्या? आणि घरचे विचारतात, यात नोकरी कुठली?

बीमस्टॉप
नमुना वाया गेलेला नाही, फक्त तहानलेला आहे. स्टार्चच्या दाण्यात स्फटिकी आणि अस्फटिकी थर आळीपाळीने असतात, एका जोडीची जाडी ९ नॅनोमीटरच्या आसपास. पाणी काढून घेतलं की थरांची रांग विस्कटते आणि शिखर विरतं. पावडरीच्या वजनाएवढं पाणी घालून रात्रभर मुरू द्या, मग मोजा. क्यू (आलेखाचा आडवा अक्ष, २π भागिले अंतर) ०.७ प्रति नॅनोमीटरच्या आसपास शिखर यायला हवं.

कॉलेजच्या पावडर एक्सआरडीत (मोठ्या कोनांत स्फटिकाची रचना मोजणारं एक्स-रे यंत्र) ते शोधू नका. तांब्याच्या के-अल्फा एक्स-रेला (तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर) हे शिखर टू-थीटा, म्हणजे विखुरण्याचा कोन, जेमतेम १ अंशावर पडतं आणि तिथलं स्कॅन सहसा ५ किंवा १० अंशांपासून सुरू होतं. सॅक्समध्ये डिटेक्टर १ मीटरवर असेल तर मध्यापासून साधारण १७ मिलिमीटरवर. बीमस्टॉप (मधला थेट बीम अडवणारा तुकडा) केवढा आहे ते नमुना पाठवण्याआधी विचारून घ्या.

ओला नमुना म्हटलं की नवी दुखणी येतात. दाणे मायक्रॉनांत मोजायचे, म्हणजे चांगले जड. पातळ कालवण कॅपिलरीत (काचेच्या बारीक नळीत) भरलं तर ते तळाला बसतात आणि बीम वरच्या नितळ पाण्यातून जातो. आलेख सुरेख येतो, पण पाण्याचा. म्हणून घट्ट लगदा करून दोन खिडक्यांमध्ये १ मिलिमीटर जाडीत दाबा. ८ केईव्हीला (तांब्याच्या एक्स-रेची ऊर्जा) पाण्यासाठी तेवढीच जाडी योग्य. वाढवली तर शोषणातच संकेत जातो. खिडकी कॅप्टॉनची (पिवळसर प्लास्टिक फिल्म) असेल तर तिचं स्वतःचं पसरट शिखर दीड नॅनोमीटरपाशी येतं, ते नमुन्याचं समजू नका. रिकामी खिडकी वेगळी मोजा आणि दोन्ही आलेख आपापल्या ट्रान्समिशनने (बीमचा आरपार गेलेला हिस्सा) भागून मगच वजाबाकी करा. ही पायरी गाळलेले आलेख प्रबंधांत सर्रास दिसतात.

चेंबर निर्वात असतं. सील गळत असेल तर मोजता मोजता लगदा सुकतो आणि शिखर पुन्हा गायब. एक लांब मोजमाप घेण्याऐवजी छोटी छोटी दहा घ्या. पहिलं आणि दहावं एकावर एक बसलं तरच बेरीज करा. क्यूचा अक्ष सिल्व्हर बेहेनेट या प्रमाण पावडरीने लावून घ्या, तिच्या थरांचं अंतर ५.८४ नॅनोमीटर.

आणि स्टार्च काढतानाच काळजी घ्या. घड उतरवला त्याच दिवशी काप करा, पिकायला लागला की स्टार्चची साखर होते. वाळवण ४० अंशांवर. ओला स्टार्च ७० अंशांपलीकडे गेला की त्याची खळ होते, मग थर कुठले नि शिखर कुठलं.

सेंधवा_घाट
परीक्षांचं सांगतो. सीएसआयआर-नेट (फिजिकल सायन्सेस), गेट आणि जेस्ट या तिन्हींचा अभ्यास जवळपास एकच, तिन्ही द्या. नेटमधून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,०००, दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल हा वेगळा रस्ता, त्यात थेट सायंटिफिक ऑफिसरची नेमणूक मिळते.

आपल्या भागाचं एक बरं आहे, देशाचा मोठा सिंक्रोट्रॉन (फार प्रखर एक्स-रे देणारं यंत्र) दारातच आहे. धुळ्याहून शिरपूर, सेंधवा करत इंदूर गाठलं की आरआरकॅट या केंद्र सरकारी संस्थेचा इंडस-२, २.५ जीईव्हीचा. त्यावर लहान-मोठ्या कोनांच्या स्कॅटरिंगची बीमलाइन आहे. बीमटाइमसाठी (तिथे मोजायला मिळणारा वेळ) अर्ज मार्गदर्शकामार्फत करा. अर्जात ‘केळीच्या स्टार्चचा अभ्यास’ एवढंच लिहिलं तर मागे पडतो. ‘लगदा ३० ते ८० अंश तापवताना थर कोणत्या तापमानाला मोडतात’ असा एकच प्रश्न, नमुने किती, एका नमुन्याला मिनिटं किती, आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रावर हे का जमत नाही, एवढं नेमकं लिहा. लॅब-सॅक्सचा एक आलेख जोडला की वजन वाढतं.

मार्गदर्शक निवडताना गेल्या तीन वर्षांतले पेपर काढून पाहा. सॅक्सचा आलेख शेवटच्या पानावर शोभेपुरता असेल तर ती लॅब तुमच्या कामाची नाही.

चटई_नगरी
नोकरीचं खरं सांगू का भाऊ, ‘सॅक्स तज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात कंपन्या क्वचितच काढतात. औषध कंपन्यांना पावडर एक्सआरडी येणारा माणूस लागतो. एकाच औषधाचे दोन पॉलिमॉर्फ (वेगळ्या रचनेचे स्फटिक) वेगळे ओळखायचे, आणि सुईसारखे स्फटिक होल्डरमध्ये आडवे झोपले म्हणून शिखरांची उंची बदलली की खरंच दुसरा फॉर्म आला, हे सांगता यायला हवं. पहिली शंका फेडायची असेल तर नमुना हलक्या हाताने दळून, बाजूने भरून, स्पिनरवर पुन्हा मोजायचा. अंकलेश्वर-वापी पट्टा नंदुरबारपासून लांब नाही. पाइप आणि ठिबकच्या नळ्या करणाऱ्यांनाही पॉलिमरची स्फटिकता मोजणारा उपयोगी पडतो, पण तिथे डीएससी (नमुना तापवताना उष्णता मोजायची पद्धत) आधी विचारतात. रीटवेल्ड (अख्खा एक्सआरडी आलेख गणिताने जुळवायची पद्धत) आणि डीएससी दोन्ही शिकून ठेवा.

तापीकाठ_शहादा
आभार. सॉफ्टवेअर कोणतं धरू? आणि मॉडेल फिट बरोबर आहे हे कळतं कसं?

बीमस्टॉप
डिटेक्टरवरच्या दोन मितींच्या चित्राचा आलेख करायला पायएफएआय, फिटिंगला सॅसव्ह्यू, दोन्ही फुकट. प्रथिनांकडे वळलात तर एटसास. पायथन हवंच, बीमटाइमहून परतताना हजारो फायली सोबत येतात.

फिटचं म्हणाल तर गोल, दंडगोल, चकती, आकारात थोडा विखुरलेपणा घातला की तिन्ही एकाच आलेखावर बसवता येतात. नुसत्या काय-स्क्वेअरवर (फिट किती जुळलं याचा आकडा) भाळू नका, आकार आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या. द्रावणातल्या कणांसाठी गिनिए आलेख (कणाचा आकार काढायची सरळ रेषा) क्यू गुणिले आरजी (कणाच्या आकाराची त्रिज्या) १.३ च्या आतच काढायचा. डाव्या टोकाला रेषा वर वळली तर कण एकमेकांना चिकटलेत. तिथले बिंदू खोडून रेषा सरळ करू नका, द्रावण सेंट्रिफ्यूज करून नव्याने मोजा.