मदत हवी आहे: मेल्बा लिस्टन यांचे एकल वादन कसे ओळखावे?

ट्रॉम्बोन या सरकत्या नळीच्या (स्लाइडच्या) पितळी फुंकवाद्याच्या जाझ वादक, संगीतरचनाकार आणि 1973 ते 1979 या काळात जमैकात अध्यापन करणाऱ्या मेल्बा लिस्टन (1926–1999) यांच्यावर मी एका श्रवणसत्राची तयारी करीत आहे. जाझ पियानोवादक रँडी वेस्टन यांच्यासाठी त्यांनी केलेले वाद्यवृंदाचे काम ओळखता येते. अडचण त्यांच्या स्वतःच्या वादनाची आहे. 1958 साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स’ या अल्बममध्ये एकाच वेळी अनेक ट्रॉम्बोन वाजतात (कल्पना सुरेख, पण माझी पंचाईत!). वेष्टनावरील वादकांची यादी वाचून आणि अर्ध्या वेगाने वारंवार ऐकूनही उलगडा झालेला नाही. मला पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येते, ट्रॉम्बोन मात्र वाजवता येत नाही. तेव्हा फुंकेचा आघात, स्लाइड सरकवून घेतलेली मींड की स्वराचा भरीवपणा, यांपैकी कोणत्या खुणेवरून त्यांचे वादन त्याच अल्बममधील ट्रॉम्बोनवादक फ्रँक रेहॅक किंवा जिमी क्लीव्हलँड यांच्यापासून वेगळे ओळखावे?