मदत हवी आहे: नैराश्याची लक्षणं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि पाळीचं चक्र

पदव्युत्तर प्रबंधासाठी १८ ते २५ वयाच्या मुलींमधली नैराश्याची लक्षणं आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंमुळे पेशींवर येणारा ताण) यांचा संबंध तपासायचा आहे. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन वापरतो सुमारे २० टक्के. शिवाय त्यात सहज ऑक्सिडाइझ होणारी मेदाम्लं भरपूर. नैराश्यात मालोनडायअल्डिहाइड (मेदाम्लं ऑक्सिडाइझ झाल्यावर तयार होणारा, रक्तात मोजता येणारा पदार्थ) वाढलेलं अनेक अभ्यासांत आढळलंय. इथपर्यंत ठीक.

अडलंय ते पाळीच्या चक्रापाशी. इस्ट्रोजेन स्वतःच अँटिऑक्सिडंटसारखं (हा ताण कमी करणारं) काम करतं आणि त्याचं प्रमाण चक्रात बदलत राहतं, म्हणजे रक्त कोणत्या दिवशी घेतलं यावर आकडा हलू शकतो. सगळ्यांचे नमुने पाळीच्या पहिल्या काही दिवसांतच घ्यावेत, की दिवस नोंदवून विश्लेषणात हिशेबात धरावा? गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना वगळावं का? धूम्रपान, झोप, वजन यांची नोंद घेणारच आहे.

आणखी एक, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पीएचक्यू-९ या नैराश्याची लक्षणं मोजणाऱ्या प्रश्नावलीचा नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे कुणी होकार दिला तर त्याच दिवशी तिला मदत मिळायला हवी; प्रश्नावल्या महिनाभराने उघडून चालणार नाही. अशी व्यवस्था कुणी उभी केली असेल तर कृपया सविस्तर सांगा.