मदत हवी आहे: इंग्लंडच्या खेड्यात चार-पाच दिवस निवांत सायकलिंग (मुक्काम किंगहॅम, कॉट्सवोल्ड्स)

नमस्कार मंडळी. मी 58 वर्षांचा, सौ. 55 ची. मुलगी रेडिंगला असते, मेच्या शेवटी तिच्याकडे चाललोय. लंडन वगैरे मागच्या खेपेला झालं. यंदा तिकडच्या खेड्यांतून सायकल चालवायची इच्छा आहे. पुण्यात दर रविवारी खडकवासला, महिन्यातून एकदा भोरकडे, एवढा सराव आहे. सौ. सपाटीला माझ्या पुढे असते, चढ आला की उतरून चालू लागते आणि त्याबद्दल बोललेलं तिला खपत नाही.

मी आखलेला बेत असा: ऑक्सफर्डहून निघून किंगहॅम, मग स्टो-ऑन-द-वोल्ड, चिपिंग कॅम्पडेन, शेवटी स्ट्रॅटफर्ड. चार दिवस, आडवाटांनी वळसे घेत रोज 40-50 किलोमीटर, सामान पॅनियरमध्ये (कॅरियरला लटकवायच्या पिशव्या). मोबाइलवरचा नकाशा म्हणतो, सहज जमेल. मुलगी म्हणते, बाबा, हे निवांत नाही, ही वारी आहे.

विचारायचं ते हे: हा बेत ठीक आहे का? ट्रेनमध्ये सायकल नेता येते का? नकाशावर शेतांमधून हिरव्या तुटक रेषा दिसतात, त्यांवरून जायला परवानगी असते का? आणि दोघं शाकाहारी आहोत, दुपारच्या जेवणाचं काय?

चाकावरची_चकली:
काका, मुलगी बरोबर सांगतेय. आम्ही तीन वर्षांपूर्वी असाच गावोगावचा बेत केला आणि तिसऱ्या दिवशी भांडलो. रोज सकाळी सामान बांधा, रोज संध्याकाळी नवीन मुक्काम शोधा, मधे पाऊस. पाहिलं काय, तर समोरच्याचं मागचं चाक. त्यापेक्षा किंगहॅमलाच मुक्काम ठोका आणि रोज वेगळ्या दिशेला 15-25 किलोमीटरचा फेरा मारून संध्याकाळी परत या. गावाला रेल्वे स्टेशन आहे, रेडिंगहून साधारण तासाभरात पोहोचता. स्टेशन गावापासून जरा बाहेर पडतं, पण तुमच्याकडे सायकल आहेच की.

चढाचं म्हणाल तर किंगहॅम इव्हनलोड नदीच्या खोऱ्यात आहे, स्टो डोंगरमाथ्यावर, जवळपास 240 मीटर उंचीवर. अंतर जेमतेम आठ किलोमीटर, पण निम्मी उंची शेवटच्या तुकड्यात चढायची. सौ. नक्की उतरतील. मीही उतरले होते.

नकाशेबुवा:
मोबाइलवर विसंबू नका. ऑर्डनन्स सर्व्हे या तिकडच्या सरकारी नकाशा संस्थेचा 'एक्सप्लोरर ओएल45' हा कागदी नकाशा घ्या, 1:25,000 चा. त्यात बारक्या रस्त्यांवर बाणाचं टोक काढलेलं दिसेल. एक टोक म्हणजे चढ सातास एक (सात मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) ते पाचास एक, दोन टोकं म्हणजे त्याहून खडा. टोक चढाकडे नव्हे, उताराकडे रोखलेलं असतं. पहिल्या दिवशी मी ते उलटं वाचलं आणि उतार समजून ज्या रस्त्याला लागलो त्याची आठवण गुडघ्यांना अजून आहे.

हिरव्या तुटक रेषांचं उत्तर: आखूड तुकड्यांची रेष म्हणजे फुटपाथ, तिथे फक्त पायी. लांब तुकड्यांची रेष म्हणजे ब्रायडलवे, मूळचा घोड्यांचा रस्ता. 1968 च्या कायद्यानं तिथे सायकललाही मुभा आहे, फक्त पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. घोडा पुढे असेल तर मागून घंटी वाजवू नका, बिथरतो. लांबूनच 'हॅलो' म्हणा, वेग कमी करा आणि उजवीकडून भरपूर अंतर ठेवून पुढे जा. पाऊस पडून गेला असेल तर मात्र ब्रायडलवेचा नाद सोडा. तिथला चिखल मडगार्डमध्ये असा भरतो की चाक फिरायचं थांबतं, आणि मग काडीनं कोरत बसायचं.

रुळावरून_घसरलेला:
ट्रेनचं मी सांगतो. त्या मार्गावरच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलच्या जागा मोजक्याच असतात, आधी आरक्षण करा, त्याचे पैसे पडत नाहीत. जागा म्हणजे कपाटासारखा अरुंद खण. त्यात सायकल पुढच्या चाकानं हुकाला उभी टांगायची. रुंद हँडलची सायकल बसत नाही, आणि बॅटरीवाली जड सायकल दोन मिनिटांच्या थांब्यात खांद्याच्या वर उचलणं म्हणजे तालीमच. पॅनियर आधीच काढून हातात ठेवा. मी ठेवले नव्हते. मागे आठ-दहा माणसं निमूट उभी होती. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हा शक्य असेल तर तिकडेच भाड्यानं घ्या आणि सौं.साठी इलेक्ट्रिक घ्या. 250 वॅटची, ताशी 25 किलोमीटरच्या आसपास मदत थांबवणारी सायकल असेल तर परवाना लागत नाही. सायकल ताब्यात घेतानाच ब्रेक आणि सुटी ट्यूब तपासा. आम्हाला एकानं दिलेली ट्यूब चाकाच्या मापाचीच नव्हती, हे कळलं पंक्चर झाल्यावर, पावसात.

चाकावरची_चकली:
पंक्चरवरून आठवलं. मे-जूनमध्ये त्रास कमी. तिथे शेतांच्या कडेला हॉथॉर्नची काटेरी कुंपणं असतात. पक्ष्यांच्या घरट्यांमुळे मार्च ते ऑगस्ट ती छाटायला बंदी असते. सप्टेंबरपासून ट्रॅक्टर लावून छाटतात आणि काटे सगळे रस्त्यावर.

जेवण: खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी दोन-अडीचला बंद होतं. आपण पुणेकर सवयीनं पावणेतीनला पोचतो आणि वेफर्सच्या पाकिटावर दुपार काढतो. साडेबाराला जाऊन बसा. जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा), चीज-पावाचं प्लाउमन्स, सूप असं शाकाहारी मिळतंच. सूपचा रस्सा कशाचा आहे ते तेवढं विचारा. पिशवीत दशम्या असू द्या.

नकाशेबुवा:
रहदारीबद्दल कोणीच बोललं नाही. डावीकडूनच चालवतात, त्यामुळे सवय मोडावी लागत नाही. पण पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी दिसली की 'वेगमर्यादा संपली, आता गाव संपलं, मोकळं रान' असं समजून निवांत होऊ नका. त्याचा अर्थ गाड्यांना ताशी 60 मैलांपर्यंत मुभा, रस्ता एका गाडीपुरता असला तरी. दोन्ही बाजूंना उंच कुंपण, वळणापलीकडचं दिसत नाही. ए429 हा हमरस्ता म्हणजे रोमन काळातला फॉस वे, नकाशावर सुतासारखा सरळ आणि मोहात पाडणारा. त्यावर जाऊ नका.

बखरकार:
काका, किंगहॅमला राहणार आणि कोणीच तुम्हाला वॉरन हेस्टिंग्जचं सांगत नाही? शेजारचं चर्चिल गाव, दोन-तीन किलोमीटरवर, तिथे हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर-जनरल 1732 मध्ये जन्मला. भूस्तरांचा नकाशा काढणारा विल्यम स्मिथही तिथलाच, 1769 चा. गावात त्याचं दगडी स्मारक आहे. दुसऱ्या बाजूला डेल्सफर्ड. हेस्टिंग्जच्या घराण्याची हातातून गेलेली ही जहागीर त्यानं हिंदुस्थानातून परतल्यावर 1788 मध्ये विकत घेतली. त्याच वर्षी त्याच्यावर महाभियोग उभा राहिला. सात वर्षांनी निर्दोष सुटला. वारला 1818 मध्ये, आपली पेशवाई बुडाली त्याच वर्षी. कबर डेल्सफर्डच्या चर्चच्या आवारात आहे. हवेली खाजगी आहे, तिकडे वळू नका.

फेरा असा करा: किंगहॅम, डेल्सफर्ड, अ‍ॅडलस्ट्रॉप, चॅसलटन आणि परत. मधे ए436 लागतो, तेवढं जपून. चॅसलटनचा वाडा सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि डागडुजी करून चकाचक न करता जसा सापडला तसाच राखलाय. आत जायचं तर उघडायचे वार आधी बघून ठेवा. समोरच्या शेतात कमानींवर उभा कबुतरखाना आहे, तो कधीही दिसतो.

आणि तिसऱ्या दिवशी ब्लेडिंग्टन. फार काही नाही, एक हिरवळ, तिच्यातून जाणारा ओढा, त्यात बदकं. तुम्हाला निवांतपणा हवाय ना?

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. बेत बदलला. किंगहॅमला पाच रात्री, सौ.ला इलेक्ट्रिक सायकल (तिनं आधी नको म्हटलं, मग मी नकाशावरची बाणाची टोकं दाखवली), ओएल45 मुलीनं मागवलाय. स्टोला दमलो तर अर्ध्यातून परत फिरायचं, असंही ठरलंय.

बखरकार, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचला. सौ.चं माहेर वडगाव मावळ. 1779 मध्ये तिथेच इंग्रजांनी नाक घासून तह केला आणि कलकत्त्याला बसलेल्या याच हेस्टिंग्जनं तो झुगारून दिला, हे तिला सासऱ्यांनी शिकवलेलं नाही, बापानं शिकवलंय. ती म्हणाली, डेल्सफर्डला थांबू, पाणी पिऊ, फूल वाहायचं नाही.

एकच शंका उरली: इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी रात्री खोलीत चार्ज करू देतात का, की आधी विचारावं लागतं?

रुळावरून_घसरलेला:
आधी विचारा. काही ठिकाणी आगीच्या भीतीनं खोलीत नको म्हणतात आणि बाहेर शेडमध्ये लावून देतात. चार्जरची पिन तिकडचीच असेल, त्याची काळजी नको.