परीक्षेच्या ताणाने मेंदू खरंच आकसतो का? आणि आकसला तर परत भरून येतो का?

सांजवारा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी.

माझा धाकटा भाऊ पुण्यात एमपीएससी करतोय, चौथं वर्ष चालू आहे, दोनदा मेन्सपर्यंत गेला आणि थोडक्यात हुकलं. यंदा दिवाळीला घरी आला तेव्हाच मला काहीतरी बिनसलंय असं वाटत होतं. कुकरची शिट्टी झाली की दचकायचा, एकदा तर हातातला चहा सांडला आणि नंतर बराच वेळ त्याचे हात थरथरत होते. आणि जो मुलगा ७३वी घटनादुरुस्ती झोपेतून उठवलं तरी कलमांसकट म्हणायचा त्याला सकाळी वाचलेलं दुपारी आठवत नाही. रात्री तीन तीन वाजेपर्यंत टक्क जागा.

आता त्याने कुठलंतरी रील बघितलंय, ताणात अंगात वाढणाऱ्या कॉर्टिसोल नावाच्या संप्रेरकाने मेंदूच्या पेशी मरतात म्हणे, आणि तेच धरून बसलाय. काल फोनवर म्हणाला, ताई माझा मेंदू गेला, आता वाचून काही उपयोग नाही. मी कॉमर्सची, मला यातलं ओ की ठो कळत नाही. खरंच असं होतं का? आपल्याकडेच कोणीतरी यावर उंदरांवर काम केलंय असं ऐकलंय. त्याला नक्की काय सांगू?

हिरवाचाफा

सांजवारा, पेशी मेल्या हे आधी त्याच्या डोक्यातून काढा. एमएस्सीला माझा प्रोजेक्ट याच विषयाच्या आसपास होता म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न्यूरॉनला, म्हणजे मेंदूतल्या पेशीला, झाडासारख्या फांद्या असतात, त्या फांद्यांवर दुसऱ्या पेशींचे निरोप येतात. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चॅटर्जी यांच्या लॅबने २००२ साली दाखवलं की उंदरांना रोज दोन तास असं दहा दिवस हलताच येणार नाही असं अडकवून ठेवलं तर हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी ठेवणारा भाग, तिथल्या काही पेशींच्या फांद्या आखूड होतात. पेशी जागेवरच असते, फांद्या आखडतात. आणि त्याच उंदरांच्या अमिग्डलामध्ये, जिथून भीती आणि सावधपणा चालतो, तिथे बरोब्बर उलटं, फांद्या वाढतात! एकाच ताणाने एका ठिकाणी छाटणी आणि दुसऱ्या ठिकाणी रान माजणं. तुमच्या भावाला वाचलेलं आठवत नाही आणि शिट्टीला दचकतो हे वाचून मला पहिलं तेच आठवलं.

हे दिसतं कसं तेही सांगते. मेंदूचा तुकडा पारा आणि क्रोमेटच्या द्रावणात अंधारात बरेच दिवस ठेवायचा, मग काप काढायचे. गंमत अशी की या रंगात शंभरातली एखादीच पेशी काळी होते, का तीच होते ते ठरवता येत नाही, पण म्हणूनच ती दिसते, नाहीतर सगळाच गुंता झाला असता. पिवळट काचेवर एकच काळं झाड, पानं गळलेल्या बाभळीसारखं. मग मायक्रोस्कोपखाली एकेक फांदी हाताने गिरवून मोजायची. एक पेशी गिरवायला माझी अख्खी दुपार जायची, मान मोडून यायची, पण ताण दिलेल्या आणि न दिलेल्या उंदराची दोन चित्रं शेजारी ठेवली की फरक नुसत्या डोळ्यांना दिसायचा.

आता तुमचा खरा प्रश्न, भरून येतं का. हिप्पोकॅम्पसच्या फांद्या ताण थांबल्यावर परत वाढतात. पण चॅटर्जींच्याच लॅबने २००४ मध्ये बघितलं की २१ दिवस आराम दिला तरी अमिग्डलातली वाढ तशीच राहिली आणि उंदरांचा घाबरटपणाही तसाच राहिला. म्हणजे आठवण परत येते, धास्ती आपोआप जात नाही, तिच्यासाठी वेगळं काहीतरी करावं लागतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे सगळे म्हणतात गावी जाऊन पंधरा दिवस राहा, होईल ठीक.

तळ्यातमळ्यात

माहिती छान आहे पण उंदराचं माणसाला किती लागू होतं? माणसाचा मेंदू काही कापून बघता येत नाही. आणि कॉर्टिसोल एवढं वाईट असेल तर शरीर ते तयार तरी का करतं?

हिरवाचाफा

@तळ्यातमळ्यात, रास्त शंका. फांद्या नाही बघता येत पण स्कॅन करता येतो. न्यूयॉर्कला रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युअन होते, ताणाचं संप्रेरक थेट हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन धरलं जातं हे त्यांनी १९६८ मध्ये दाखवलं, तिथून हा सगळा विषय सुरू झाला असं म्हटलं तरी चालेल. २००९ मध्ये त्यांच्या गटाने मेडिकलचे विद्यार्थी घेतले, मोठ्या परीक्षेच्या तयारीचा महिनाभर ताण असलेले. एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीवर लक्ष नेणं त्यांना जड जात होतं आणि कपाळामागच्या भागाचे बाकी मेंदूशी असलेले धागे ढिले पडले होते. त्याच मुलांना ताण उतरल्यावर महिन्याने तपासलं तर ते पूर्ववत. ही तरुण आणि धडधाकट मुलं होती आणि ताण चार आठवड्यांचा होता, चार वर्षांचा नाही, हे लक्षात ठेवून वाचावं. पण मेंदू गेला म्हणणाऱ्या मुलाला सांगायला हे मला तरी पुरेसं वाटतं.

कॉर्टिसोलचं म्हणाल तर ते शत्रू नाहीच. सकाळी जाग येते त्यातही त्याचा हात असतो. चॅटर्जींकडे असंही दिसलं की फक्त एकदाच दोन तास ताण दिला तर अमिग्डलात लगेच काही होत नाही, दहा दिवसांनी बदल दिसतो, आणि ताण द्यायच्या आधी तेच संप्रेरक उंदराच्या पाण्यातून दिलं तर तो बदल होतच नाही. म्हणजे ते कधी आणि किती, यावर सगळं आहे.

सांजवारा

हे वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच. एक विचारू का? भाऊ सहा वर्षांचा असताना बाबा अचानक गेले, आई नोकरीला लागली आणि तो वर्षभर मामाकडे होता. त्याचा काही संबंध असेल?

अबोली

सांजवारा ताई, मी बालवाडी शिक्षिका आहे म्हणून या विषयावर मिळेल ते वाचते. मुंबईला कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य आहेत, २००० पासून हेच काम करतात, २०२२ चा इन्फोसिस पुरस्कारही त्यांना मिळाला. त्यांच्या लॅबमध्ये उंदरांची पिल्लं जन्माच्या दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून लांब ठेवतात. ती मोठी झाल्यावर जास्त घाबरट होतात. पण २०१३ च्या त्यांच्या अभ्यासात अशी पिल्लं तरुणपणी काही आठवणीच्या परीक्षांत उलट सरस निघाली, मध्यम वयात मात्र मागे पडली. मला हे वाचून वर्गातली एक दोन मुलं डोळ्यासमोर आली, लहानपणी फार सोसलेली आणि वयाच्या मानाने फार शहाणी. असं मूल नीट चाललंय म्हणून आपण निर्धास्त होतो ना, तिथेच चुकतं. तुमच्या भावाच्या बाबतीत कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, पण डॉक्टरांना बाबांचं नक्की सांगा.

मनोगती

मी सायकिॲट्रिस्ट आहे, तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण झोप उडालीय, दचकतोय, उपयोग नाही असं बोलतोय, एवढ्यावर या आठवड्यात दाखवायला हवं, परीक्षेनंतर नको. उपयोग नाही म्हणजे नक्की काय म्हणायचंय, जीव नकोसा वाटतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट मोकळं होतं. रात्री अपरात्री कोणी नसेल तर टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. थायरॉइड आणि बी१२ पण बघून घ्या, विसरण्याचं कारण कधी कधी तेवढंच निघतं.

नैराश्यावरच्या गोळ्या दिल्याच तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. येल विद्यापीठात रोनाल्ड ड्युमन यांच्या लॅबने २००० मध्ये दाखवलं की ही औषधं काही आठवडे चालू ठेवली तर उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जास्त तयार होतात, वैद्य बाईंची पीएचडी त्यांच्याकडचीच. म्हणून पाचव्या दिवशी काही फरक नाही म्हणून मनाने बंद करू नका. आणि दचकण्यासाठी समुपदेशन लागेलच, चाफा यांनी वर लिहिलंय ते बरोबर आहे.

सांजवारा

आत्ताच बोलणं झालं. विचारलं सरळ. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, रूमवर एकटा असलो की येतात तसे विचार. तेव्हाच ठरवलं, रात्रीच्या एसटीने निघतेय, तोवर त्याच्या मित्राला रूमवर झोपायला बोलावलंय, उद्या दुपारी चारची वेळ मिळाली आहे. चाफा, तुमचं ते बाभळीचं वाचून दाखवलं त्याला, म्हणाला परत एकदा वाच.