दोन अक्षरांचं शेपूट

एकाने विचारलंय, मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारा छोटा आरएनए) एवढासा, मग पेशीच्या केंद्रकाच्या छिद्रातून आपोआप का निसटत नाही? अहो, बाहेर पडताना तो एवढासा नसतोच! ड्रोशा हे एन्झाइम आरएनएच्या लांब धाग्यातून साधारण 70 अक्षरांचा (अक्षर म्हणजे आरएनएचा एक घटक), हेअरपिनसारखा वाकलेला तुकडा कापतं. त्याच्या एका टोकाला दोन अक्षरं सुटी लोंबतात. एक्स्पोर्टिन-5 हे बाहेर नेणारं प्रथिन ते शेपूट आणि दुपदरी दांडा धरतं, वाकलेल्या टोकाचं वेटोळं मोकळंच राहतं. आमच्या रावेरकडे केळीचा घड दांड्याला धरून उचलतात, फण्यांना नाही, तसंच. सोबत रॅन-जीटीपी (रॅन हे प्रथिन आणि त्याला चिकटलेला जीटीपी हा रेणू) लागतंच. बाहेर त्या जीटीपीचं जीडीपी झालं की पकड सुटते (इथे अकरावीची पोरं हमखास अर्थशास्त्रात शिरतात). मग डायसर हे दुसरं एन्झाइम वेटोळं छाटतं आणि उरते सुमारे 22 अक्षरांच्या दोन धाग्यांची जोडी.